लाल खुणेच्या पलीकडे

मेश्राम, तुझ्या मुलीने मला एक प्रश्न विचारला आहे आणि मी अजून त्याचं उत्तर दिलेलं नाही.

परवा, तू गेल्यानंतरचा जलदानविधी झाला. दिल्लीत द्वारकेतल्या तुझ्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल, पांढऱ्या चादरी, बुद्धमूर्तीशेजारी तुझा कोट घातलेला फोटो. तो कोट तुला कधीच नीट बसला नव्हता. वंदनावहिनींनी हाच फोटो का निवडला ते मी विचारलं नाही. भंतेजींनी पाण्याची धार धरली, जेवणं झाली, माणसं दारात आपापले बूट शोधू लागली. तेव्हा सुजाता मला हॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये घेऊन गेली.

"काका, एक विचारू? पप्पांची ती मछली खरंच तेवढी होती का?"

मी म्हणालो, "शेपटी मला दिसली नव्हती, सुजाता."

"ते मला माहीत आहे. पप्पा पण हेच सांगायचे, 'तुझ्या काकाला शेपटी दिसली नाही.' मी तुम्हाला काय दिसलं ते विचारतच नाहीये. होती का, ते विचारतेय."

ती थांबली, मग म्हणाली, "पप्पांनी पूर्ण लाइफमध्ये स्वतःबद्दल मोठी अशी एकच गोष्ट सांगितली. ती झूठ नसावी, बस."

तेवढ्यात कोणीतरी तिला हाक मारली. तू असतास तर म्हणाला असतास, "काऊन बे पत्रकार, पोरीले उत्तर द्यायलाही डेडलाइन लागते काय तुले?" लागते. ती आज आहे.

आपली ओळखही एका माशावरूनच झाली. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात मी जेवत होतो. समोरच्या खुर्चीवर तू बसलास, माझ्या ताटाकडे पाहिलंस आणि ओळखदेख नसताना म्हणालास, "हा ताजा नाही."

"तुम्ही कोकणातले का?"

"भंडाऱ्याकडचे. मासा भंडाऱ्यात मरो की मुंबईत, डोळा सारखाच दिसते."

मी त्या दिवसांत यमुनेच्या पुराच्या बातम्या करत होतो. नद्यांची पातळी मोजणाऱ्या सरकारी खात्यात तू काम करतोस हे कळल्यावर मी वही काढली आणि माझ्याकडचा आकडा तुला दाखवला. तू विचारलंस, हा कोणी दिला? मी सांगितलं, पुलावरच्या माणसाने. तू माझ्या हातातली वही बाजूला ठेवलीस, टेबलावरचा पाण्याचा पेला उचललास आणि मला वाकायला लावलंस. "वरून पाहिलं तर पाणी कमी दिसते का जास्त, ते तू कुठं उभा आहे त्यावर. पातळी वाचाची असंल तर डोळा पाण्याच्या रेषेत आणावा लागते. वाकावं लागते. तुझा पुलावरचा माणूस वाकत नाही." भरलेल्या कँटीनमध्ये एक वार्ताहर टेबलावर हनुवटी टेकवून पेल्याकडे पाहत होता. वाढप्याने विचारलं, "साहेब, पाण्यात काही पडलंय का?"

तुझा नियम डोळ्याच्या रेषेचा होता. माझा दोन सूत्रांचा. एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट, तो कितीही मोठा असो, मी छापत नसे. तू त्याची टर उडवायचास. "बाहेर पाऊस पडून राहिला असंल तर हा खिडकीतून हात काढणार नाही. दोघाले फोन करंल."

समुद्राचं वेड तुला दिल्लीत लागलं. समुद्रापासून इतक्या लांब येऊन ते लागावं, हे मला नेहमी विचित्र वाटत आलं. फोनवर कुठल्यातरी किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्या माणसांचे व्हिडिओ पाहता पाहता तू लांब दांडा, रीळ आणि शिशाची वजनं मागवलीस आणि रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीतल्या पार्कमध्ये सराव सुरू केलास. थंडीत, धुक्यात, कानटोपी घालून. गळ नाही, नुसतं शिसं. तू ते हिरवळीच्या या टोकावरून त्या टोकाला फेकायचास आणि मी पावलं टाकत मोजायला जायचो. धुक्यात शिसं दिसायचं नाही, म्हणून तू दोऱ्याला तुझा लाल रुमाल बांधला होतास. वसाहतीचे सेक्रेटरी शर्माजी फेरी मारताना रोज थांबत.

"मेश्रामजी, पार्क में मछली कहाँ से आएगी?"

"मछली नहीं शर्माजी, सेक्रेटरी पकड़ रहा हूँ. चारा बताइए, क्या लगाऊँ?"

शर्माजी हसत पुढे जात, पण वाकून. एकदा शिसं त्यांच्या टोपीवरून गेलं होतं. वहिनी गॅलरीतून हे सगळं पाहत. त्यांचं मत एका वाक्याचं होतं: "गवतातून मासा निघाला की हाक मारा, तोवर मी मसाला वाटत नाही."

कोकणातल्या एका गावच्या किनाऱ्यावर गळाने मासे धरण्याची स्पर्धा असते, जोडीने उतरायचं असतं, हे तूच शोधून काढलंस. जोडीदार म्हणून तुला खात्यातला कोणी चालला असता. तू मला निवडलंस. मला गळ बांधता येत नव्हता, आजही येत नाही. "तुले कायले बांधाचं आहे? तू फक्त पाहा. तुझा धंदाच तो आहे."

दांडा प्लॅस्टिकच्या जाड नळीत घालून आपण मेट्रोने निघालो. मुनिरका स्टेशनवर तपासणीच्या रक्षकाने नळी उघडायला लावली. "ये क्या है?" मछली पकड़ने का, तू म्हणालास. "मछली?" अभी रत्नागिरी में है, तू म्हणालास, वापसी में दिखाऊँगा. रांगेतली मुलंमुली हसली. त्याने गंभीरपणे मान हलवून तुला सोडलं.

गाडीत, गोध्रा गेल्यावर, तू मला तुझ्या गावचा तलाव सांगितलास. इतक्या वर्षांत एकदाच. मोठा जुना तलाव, मातीची पाळ, पाळीखाली खोल पाणी आणि खोल पाण्यात मोठी मरळ. गावाची पाण्यात उतरायची पायरी तिकडे होती. तुमच्या वस्तीला जागा सांडव्याकडे, जिथे जास्तीचं पाणी बाहेर पडतं आणि बोटाएवढ्या मासोळ्या सापडतात. कुठे पाटी नव्हती, कोणी काठी घेऊन उभं नव्हतं. पण लहानपणी पाळीवर बसून गळ टाकावा असं तुझ्या मनात आलं तेव्हा तुझ्या वडिलांनी तुझा हात धरून तुला परत आणलं होतं. हे तू वरच्या बर्थवर आडवा पडून, छताकडे पाहत सांगितलंस. शेवटी म्हणालास, "समुद्राले सांडवा नसते बे. कुठूनही टाक, पाणी तेच." मग कुशीवर वळलास.

तुला ही स्पर्धा कशासाठी हवी होती ते मला तेव्हा कळलं. बक्षीस म्हणजे एक साधी ढाल होती. तुला एवढंच हवं होतं की सगळ्यांच्या शेजारी उभं राहून खोल पाण्यात गळ टाकावा, मोठा मासा धरावा आणि तो तू धरलास असं कोणीतरी मोठ्याने म्हणावं.

आपण पोचलो तेव्हा अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, बंदरावर धोक्याचा बावटा लागला होता. बोटींवरून व्हायची स्पर्धा आयोजकांनी खडकांवर आणली आणि सांगून ठेवलं की तीन शिट्ट्या वाजल्या की मासा गळाला असो वा नसो, खडक सोडायचा. नियम सोपे होते. सर्वांत लांब एक मासा जिंकणार. मासा जोडीला दिलेल्या लाकडी फळीवर ठेवायचा, तोंड टोकाच्या आडव्या पट्टीला टेकवायचं, शेपूट कुठवर येते ते जोडीदाराने बरोबर वरून फोटोत घ्यायचं, आणि मासा जिवंत पाण्यात सोडायचा. फोटो जमला नाही तर पंच दोघांना वेगवेगळं विचारणार. दोघांचं एकच आलं तर मासा ग्राह्य धरायचा. आघाडीवर कोण आहे ते सगळ्यांना कळावं म्हणून पंच फेरीला येत आणि आघाडीच्या माशाच्या लांबीवर प्रत्येक फळीला लाल चिकटपट्टी लावून जात. ती लाल खूण ओलांडायची, एवढंच काम.

आपल्या शेजारच्या खडकावर रत्नागिरीचे मुकादम होते. साठीचे, हातात बिडी, वाऱ्यातही ती विझत नव्हती. तिकडे गळाने मासे धरण्याला गरवणं म्हणतात. मुकादमांनी तुझा दांडा निरखला. "अवो दिल्लीवाले, दिल्लीत गरवता कुठं?"

"पार्कात," तू म्हणालास.

मुकादमांनी बिडी तोंडातून काढली, तुझ्याकडे पाहिलं आणि परत तोंडात घातली.

त्यानंतर आपण ती चूक केली जी फक्त तलावाकाठच्या माणसाने आणि माझ्यासारख्या पुण्याच्या माणसाने मिळूनच करावी. पिशवी पाण्याच्या कडेला ठेवली, हाताशी असावी म्हणून. तलावाचं पाणी जिथे असतं तिथेच असतं. तू आयुष्यभर नद्यांचं पाणी चढता-उतरताना मोजलंस, भरतीचं वेळापत्रक तुला पाठ होतं, ते तू मला गाडीत म्हणूनही दाखवलं होतंस. पण हात लहानपणचे होते. त्यांनी पिशवी काठावर ठेवली. थोड्या वेळाने एक लाट आली आणि परत जाताना पिशवी घेऊन गेली. आत वहिनींनी दिलेला डबा होता, आपले रेनकोट होते आणि पाण्यात चालणारा माझा कॅमेरा होता.

मुकादम तिकडून ओरडले, "ही जमना नाय वो! ही मागं पण येते!"

तू माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी एरवी ओशाळणं म्हटलं असतं, पण मग तू हसायला लागलास आणि मीही. आपण दोघं भिजत, डबा गमावून, खडकावर उभे राहून हसत होतो. या सगळ्या प्रकरणातून मला एकच क्षण परत मिळणार असेल तर मी तो मागेन. मासा नाही.

दुपारी वारा वाढला. पाऊस आडवा येऊ लागला. मुकादमांना एक रावस लागला. चांगला होता. पंच आले आणि आपल्या फळीवर लाल पट्टी पुढे सरकली. काही जोड्या उठून गेल्या. मी तुला म्हणालो, आपणही जाऊ. तू म्हणालास, "एक टाकतो." नंतर परत तेच म्हणालास. आणि मग दांडा वाकला.

मला मासेमारी कळत नाही, म्हणून जे पाहिलं तेवढंच सांगतो. दोरा आधी डावीकडे गेला, मग सरळ समुद्राकडे. तू रीळ फिरवलं नाहीस, जाऊ दिलंस. पार्कात शिसं फेकताना तुझ्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. इथे तू गप्प होतास. तू निसरड्या टोकाकडे सरकत होतास, म्हणून मी मागून तुझ्या कमरेचा पट्टा धरला. पहिली शिट्टी वाजली. तू ऐकली नाहीस, किंवा ऐकलीस. मासा पांढऱ्या फेसात एकदा वर आला आणि मुकादमांनी तिकडून "या अल्ला" म्हटलं ते वाऱ्यातूनही ऐकू आलं. मग ते आपला दांडा आवरायला वळले.

दुसऱ्या शिट्टीला मासा खडकावर होता. रावस. तू गुडघ्यांवर बसलास, दोन्ही हात ओले केलेस, मग त्याला उचललंस. कोरड्या हाताने मासा धरू नये, त्याची कातडी भाजते, हे तू मला पार्कात सांगितलं होतंस. फळीवर ठेवलास. तोंड पट्टीला लागलं. तू डोकं खाली घातलंस, गाल जवळजवळ फळीला टेकवलास, डोळा माशाच्या रेषेत आणलास. म्हणालास, "घे, फोटो घे." माझ्या एका हातात तुझा पट्टा, दुसऱ्यात माझा फोन. फोनची काच ओली, बोट ओलं, तो काही केल्या ऐकेना. तेव्हा लाट आली.

फोटो आला. त्यात तुझा गुडघा आहे, फेस आहे आणि फळीचा कोपरा. मासा नाही. लाट उतरली तेव्हा फळी रिकामी होती.

तिसरी शिट्टी वाजली.

पंचांनी आपल्याला वेगवेगळं विचारलं. तू ताडपत्रीखाली उभा राहिलास, मला जीपकडे नेलं. निवृत्त मास्तर होते बहुतेक, फार शांतपणे विचारत होते. तू सांगितलंस: शेपूट लाल खुणेच्या दोन बोटं पलीकडे होती. मी सांगितलं: तोंड पट्टीला लागलेलं मी पाहिलं. शेपटी मला दिसली नाही.

"अंदाजे?" पंचांनी विचारलं. चांगल्या मनाने विचारलं.

"अंदाज मी सांगत नाही," मी म्हणालो.

ढाल मुकादमांना मिळाली. त्यांनी ती घेतली आणि सरळ आपल्याकडे येऊन म्हणाले, आता जेवायला चला, डबा समुद्राने खाल्ला ना तुमचा. त्यांच्या घरी आपण बांगड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाल्ली. तुम्ही गप्प का, त्यांनी तुला विचारलं. तू भाकरी मोडत राहिलास, तेव्हा तेच म्हणाले, "मेश्रामसाहेब, माझा मासा परत पाण्यात गेला, तुमचा पण गेला. कोण लांब ते आता ते दोघं आपसात बघतील." तू हसलास, पण माझ्याकडे न पाहता.

परतीच्या गाडीत कोटा येईपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस. कोट्याला म्हणालास, "चहा पितो काय?" आणि मथुरेला आपलं भांडण सुरू झालं. ते तुझ्या मरणापर्यंत चाललं.

मी ते भांडण जसं आहे तसं नोंदवतो. तुझं म्हणणं: तुला दिसलं नाही म्हणजे नव्हतं असं होत नाही. माझं म्हणणं: नव्हतं असं मी म्हटलंच नाही, दिसलं नाही एवढंच म्हटलं. तुझं म्हणणं: मी तुझ्याशी कधी खोटं बोललो का? माझं म्हणणं: मला तू काय पाहिलंस ते विचारलं नव्हतं, मी काय पाहिलं ते विचारलं होतं. यानंतर तू मला एक शिवी द्यायचास, ती मी इथे देत नाही.

एकदा चित्तरंजन पार्कच्या मासळीबाजारात, एक बंगाली मासेवाला आपल्याला रोहू कापून देत असताना, तू हा वाद पुरापर्यंत नेलास. "मोठा पूर आला की आमची मोजपट्टी पाण्याखाली जाते. तेव्हा आम्ही काय लिहितो, पाणी दिसलं नाही? पूर उतरल्यावर आमचा माणूस जाते. भिंतीवर पाण्याची ओली रेघ असते, झाडाले कचरा अडकलेला असते. ती खूण पाहून पातळी ठरवतो. कोणीच पाहिलं नाही तरी पाणी तिथपर्यंत आलंच होतं ना?"

"मग तुझ्या माशाची खूण कुठे आहे?"

तू स्वतःच्या छातीवर बोट ठेवलंस. मासेवाला हातातला कोयता थांबवून म्हणाला, "दादा, हार्ट का प्रॉब्लेम है तो रोहू का तेल मत खाइए."

वहिनींना हा वाद पाठ झाला होता. आपण जेवायला बसलो की त्या म्हणत, "आधी भाजी वाढू का आधी शेपूट?" सुजाता तेव्हा कॉलेजात होती. ती ऐकायची. आपण हसत भांडत होतो, म्हणून ती काय ऐकते आहे हे आपल्या लक्षात आलं नाही. तिने ऐकलं ते एवढंच की पप्पा एक गोष्ट सांगतात आणि ती पाहिलेला एकमेव माणूस हो म्हणत नाही.

तू निवृत्त झालास, द्वारकेला आलास. दांडा नळीत बाल्कनीत उभा राहिला. मुकादमांचा दर पावसाळ्यानंतर फोन यायचा: येताय ना? तू दर वर्षी हो म्हणायचास. कधी सुजाताचं लग्न, कधी माझी नोकरी, कधी तुझा श्वास. दिल्लीची हवा थंडीत जड होते तशी तुझी छाती जड होऊ लागली.

इस्पितळात मी शेवटचा आलो त्या दुपारी तुझ्या नाकाला नळी होती. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. तू हात हलवून मला जवळ बोलावलंस.

"पत्रकार. दोन बोटं पलीकडे होती बे."

खरं सांगायचं तर मी हो म्हणणार होतो. शब्द तोंडात आला होता. येताना लिफ्टमध्ये मी ते ठरवूनच आलो होतो. एका शब्दाने काही बिघडणार नव्हतं. पण तू माझ्याकडे ज्या डोळ्यांनी पाहत होतास ते पातळी वाचणारे डोळे होते, सरळ रेषेत आलेले. मी म्हणालो, "मला दिसली नाही, मेश्राम."

तू हसलास. हसताना खोकला आला, तो थांबायला वेळ लागला. मग म्हणालास, "बरं झालं. हाव म्हणाला असता तर मी समजलो असतो, डॉक्टरनं तुले काहीतरी सांगितलं."

वहिनी वर आल्या तेव्हा आपण दोघं हसत होतो. त्यांनी विचारलं, काय झालं? तू म्हणालास, "शेपूट."

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तुला ते कळलं की नाही हे मला माहीत नाही, आणि आता विचारायची सोय नाही.

तर सुजाताच्या प्रश्नाकडे येतो. त्याआधी एक गोष्ट, जी मी पंचांना सांगितली नाही कारण त्यांनी विचारली नाही, आणि तुला सांगितली नाही कारण आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती. लाट आली तेव्हा माझे डोळे उघडे होते. फेसाआधी एक क्षण होता, पुरेसा होता. शेपटी पाहता आली असती. मी माशाकडे पाहत नव्हतो. तुझ्या पायांकडे पाहत होतो. तुझा डावा पाय शेवाळावर सरकत होता आणि माझ्या मुठीत तुझा पट्टा होता आणि मला एवढंच पाहायचं होतं की तो पाय थांबतो की नाही. थांबला. ते मी पाहिलं, आणि त्याची साक्ष मी कुठेही देईन. पण त्याला कोणी लाल खूण लावली नव्हती.

पंचांना मी दिलेलं उत्तर बरोबर होतं. आज विचारलं तरी तेच देईन.

पण सुजाताने ते विचारलेलं नाही. ती म्हणाली, होती का? याला मी माझ्या धंद्याच्या पद्धतीने उत्तर देतो. घटनास्थळी दोन माणसं होती. एकाने पाहिलं नाही. दुसऱ्याने पाहिलं. दुसरा माणूस आयुष्यभर पाण्याची पातळी वाचत आला. लाट येत असतानाही त्याने डोकं वर घेतलं नाही, गाल फळीला टेकवून डोळा रेषेत आणला. त्याचा आकडा पहिल्या दिवशी दोन बोटं होता, मथुरेला दोन बोटं होता, मासळीबाजारात दोन बोटं होता आणि नळी नाकात असतानाही दोनच बोटं होता. सांगून सांगून लोकांचे मासे वाढतात. याचा एवढ्या वर्षांत एका नखानेही वाढला नाही.

एकाच सूत्राच्या भरवशावर मी आजवर बातमी दिलेली नाही. ही देतो आहे.

होती, सुजाता. लाल खुणेच्या दोन बोटं पलीकडे. तुझ्या पप्पांनी पाहिली.

आणि मेश्राम, आता तू काही वेगळं समजायचं कारण नाही. या वेळी डॉक्टर काही म्हणालेले नाहीत.